चिलखतावरची धूळ

दिवाळीच्या सुट्टीत माझा आतेभाऊ, म्हणजे दादा, दोन दिवस राहायला आला होता. रात्रीची जेवणं आटोपल्यावर मी 'अंडरटेल' खेळत बसले, तर तोही शेजारी खुर्ची ओढून बसला. मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन पाहते तो कीबोर्ड त्याच्यापुढे. मघाशी पडद्यावर दोन चिलखती पहारेकरी उभे होते. आता एकच उरला होता. दुसऱ्याला दादानं वारावर वार करून संपवलं होतं. मी जवळजवळ ओरडलेच. मग दोन तास आम्ही खेळलो कमी आणि भांडलो जास्त. मला नेमकं काय वाटतं ते त्या भांडणातच मला उमगत गेलं, म्हणून ते बोलणं आठवेल तसं लिहून ठेवते आहे.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणानं केलेला हा खेळ १५ सप्टेंबर २०१५ रोजी आला. संगीतही त्याचंच. फार पूर्वी माणसांनी राक्षसांना युद्धात हरवून जमिनीखाली कोंडलं आणि वर जादूची भिंत घातली. ती फोडायला माणसांचे सात आत्मे लागतात. राक्षसांच्या राजाकडे सहा जमले आहेत. अशा वेळी माणसाचं एक मूल खाली पडतं. ते मूल म्हणजे आपण. वाटेत भेटणाऱ्या अनेकांना आपण सातवा आत्मा म्हणून हवे असतो, आणि तरीही हा खेळ पावलोपावली हसवतो.

दादा : एवढं काय झालं? हत्यार घेऊन समोर आले, मी मारलं. लढाईच्या खेळात दुसरं काय करतात?

मी : अरे, ते दोघं होते. कायम जोडीनं उभे असतात, एका तालात हत्यारं हलवतात. शून्य-एक आणि शून्य-दोन. राजरक्षक आहेत ते.

दादा : बघ, तूच सांगतेस. नाव नाही, चेहरा नाही, नुसता नंबर. करणाऱ्यानंच त्यांना मार खायला उभं केलंय. ही पद्धत आजची नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढलं, तेव्हापासून जीव आकड्यात मोजतात आणि शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'नं तेच जपानच्या घराघरांत नेलं. चालता चालता शत्रू आडवा येतो, तुम्ही त्याला मारता, थोडे बळकट होता, पुढे जाता. मी सायबर कॅफेत तासावर पैसे भरून हेच खेळत मोठा झालो. तो खेळ आणि खेळणारा यांच्यातला करार आहे.

मी : त्या करारात समोरच्याला कुणी विचारलंच नव्हतं. हा खेळ ते विचारतो. खाली बघ, चार बटणं आहेत. 'फाइट', 'ॲक्ट', 'आयटम', 'मर्सी'. तू पहिल्यावरून बोट हलवलंच नाहीस. आणि ज्यांना तू अनुभवाचे गुण म्हणतोस, त्यांचा खरा अर्थ हा खेळ अगदी शेवटाकडे सांगतो. ते अनुभवाचे गुण नाहीतच. दुसऱ्याला किती मारलंस त्याचा तो हिशेब असतो. पडद्यावर जी पातळी दिसते ती तुझ्या शौर्याची नाही, हिंसेची पातळी आहे.

दादा : असा अर्थ मागाहून सांगणं ही फसवणूक झाली.

मी : फसवणूक कशी? चौथं बटण पहिल्या लढाईपासून समोरच होतं.

दादा काही क्षण गप्प बसला. मग त्यानं मला विचारलं की मी असते तर काय केलं असतं. इथे मला थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण सगळी गंमत त्या तपशिलात आहे.

हे दोघे रक्षक उभे असतात तो भाग म्हणजे हॉटलँड. खाली लाव्हा, वर तापलेले खडक, आणि त्यात हे नखशिखांत चिलखतात. 'ॲक्ट'मध्ये गेलं की एक पर्याय मिळतो : शून्य-दोनचं चिलखत साफ करा. शत्रू वार करतोय आणि आपण त्याचं चिलखत पुसतोय, हे वाचूनच हसू येतं. पण पुसल्यावर खेळ सांगतो की त्या चिलखतावरची धूळ त्याला गारवा देत होती, ती आता निघून चालली आहे. थोड्या वेळानं शून्य-दोनला उकाडा सोसवत नाही. तो छातीवरचं चिलखत काढून टाकतो. त्याला तसं पाहून शून्य-एकची जी काही अवस्था होते, तिच्यावरून खेळणाऱ्याला उलगडा होतो. मग शून्य-एकच्या कानात कुजबुजायचं की मनात आहे ते सांगून टाक. आणि तो सांगतो. तुझ्याबरोबर उभं राहणं मला आवडतं, आपण मिळून लढतो ते मला आवडतं, तू मला आवडतोस. शून्य-दोन मुळात फारसा बोलतच नाही. तो थोडा थांबतो आणि विचारतो, हे संपल्यावर आइस्क्रीम खायला जाऊया का?

दादा : म्हणजे मी त्यातल्या एकाला...

मी : हो.

दादा : हे आधी कसं कळणार?

मी : मारल्यावर तर कधीच कळलं नसतं. मला तेवढंच म्हणायचं आहे.

दादा : ठीक आहे, प्रसंग गोड आहे. पण मला एक खटकतं. योद्ध्याला हास्यास्पद करणं फार सोपं असतं. चिलखत घातलेला माणूस घामाघूम होतो, प्रेमात अडखळतो, आइस्क्रीम खातो. सुरुवातीला स्नोडिनमध्ये तो भलामोठा चिलखती भालाईत येतो, त्याच्या आत तर एवढंसं पांढरं कुत्रं निघतं! मग लढणाऱ्याची काही आब राहते का? 'डार्क सोल्स'मधला आर्टोरियस आठव. डावखुरा सरदार. त्याचा डावा हात मोडून लोंबकळतोय, ढाल तर त्यानं आपल्या लांडग्याच्या रक्षणासाठी मागे ठेवली आहे, आणि काळोखानं त्याला पोखरलं आहे. तरी तो उजव्या हातानं तलवार फिरवतो. त्याच्याशी जीव तोडून लढणं हाच त्याचा मान. त्याचं चिलखत मी पुसत बसलो असतो तर तो अपमान झाला असता.

हे ऐकून मी थबकले. आर्टोरियसशी झालेली लढाई मलाही आठवते. २०१२ मध्ये तो प्रसंग आला तेव्हा दादानंच मला शेजारी बसवून दाखवला होता, आणि तो सरदार पडल्यावर आम्ही दोघंही काही बोललो नव्हतो.

मी : आर्टोरियसबद्दल तू म्हणतोस ते मला मान्य आहे. त्याच्यापाशी लढाईखेरीज काही उरलेलंच नाही. पण हसणं म्हणजे अपमान, हे मला पटत नाही. डॉन किहोते घे. सर्व्हांतेसनं १६०५ साली तो पहिल्यांदा लोकांसमोर आणला. आपल्या भाषेत सांगायचं तर तो शिलेदार आहे, म्हणजे घोडाही स्वतःचा आणि हत्यारही स्वतःचं. चिलखत पणजोबांच्या काळातलं, गंज चढलेलं. शिरस्त्राणाला चेहरा झाकणारी पुढची झडप नाही, म्हणून तो ती पुठ्ठ्याची करतो. मजबुती बघायला तलवारीचा वार करतो, तर एका फटक्यात आठवडाभराची मेहनत मातीमोल. मग आतून लोखंडी पट्ट्या लावून पुन्हा बनवतो, पण पुन्हा वार करून बघत नाही.

दादा : हसतातच ना त्याला लोक?

मी : हसतात. पण पुढे काय होतं बघ. तो खाणावळीत उतरतो. शिरस्त्राण हिरव्या फितींनी बांधलेलं असतं, गाठी सुटत नाहीत, आणि फिती कापायला त्याची तयारी नसते. तेव्हा तिथल्या बायका त्याला घास भरवतात आणि खाणावळीचा मालक पोकळ बोरू तोंडाशी धरून त्यातून दारू पाजतो. या चित्राला आपण खदखदून हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की लोखंडाच्या आत एक भुकेला, तहानलेला, म्हातारा माणूस आहे. विनोदानं त्याची आब गेली नाही, झाकलेलं तोंड दिसलं. शून्य-दोनच्या बाबतीत तेच होतं. त्याला उकडतंय हा विनोद आहे, पण उकडतंय याचा अर्थ आत कुणीतरी आहे.

दादा : खऱ्या चिलखतांचंही तसंच होतं म्हणा. पंधराव्या शतकातलं पोलादी चिलखत साधारण १५ ते २५ किलोंचं असे. वजन अंगभर वाटलेलं असल्यानं माणूस त्यात धावू शकायचा, चढू शकायचा. जाच व्हायचा तो उष्णतेचा, आणि झडप लावली की श्वासाचा.

मी : बघ, तुला हे माहीत आहे. मग आतल्या माणसाचा विचार तुला कसा सुचला नाही?

दादा हसला नाही. त्यानं खुर्ची माझ्याकडे वळवली. यानंतर तो जे बोलला तो त्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी अजूनही नाही.

दादा : तू ज्याला दया म्हणतेस ती मला कुलूप-किल्लीसारखी वाटते. चिलखत पुसा, कुजबुजा, नाव पिवळं झालं की 'मर्सी' दाबा. क्रम चुकला नाही की दार उघडतं. यात दया कुठे आली? हेही एक कोडंच आहे. मी तलवारीनं सोडवलं, तू फडक्यानं सोडवलंस. त्यात हल्ली क्रम कुठेही वाचायला मिळतो. तो वाचून कुणी बटणं दाबली तर त्याला तू दयाळू म्हणशील?

मी : नाही म्हणणार. वाचून केलं तर ती दया नाही, हे मान्य. पण मी पहिल्यांदा खेळले तेव्हा मला क्रम माहीत नव्हता. त्यांचं बोलणं वाचावं लागलं, कोण कुणाकडे बघतोय ते पाहावं लागलं. तोवर मार खावा लागला, कारण मी 'ॲक्ट' निवडलं म्हणून त्यांचे हल्ले थांबत नव्हते. आणि किंमतीचं म्हणशील तर ऐक. सुरुवातीला आपल्याला जीव किती असतो?

दादा : वीस.

मी : मारत गेलास तर पातळी वाढत जाते, विसाव्या पातळीला जीव ९९ होतो. कुणालाच मारलं नाहीस तर पैसे मिळतात, पण गुण एकही मिळत नाही. तू शेवटपर्यंत पहिल्याच पातळीवर राहतोस. राजासमोरही तेच लाल हृदय घेऊन उभं राहायचं आणि तोच वीसचा जीव. शत्रू बळकट होत जातात, आपण होत नाही. कुलूप-किल्लीच्या खेळात किल्ली लावणाऱ्याला बक्षीस मिळतं. इथे सोडून देणारा प्रत्येक वेळी काहीतरी गमावतो आणि तरी सोडतो.

दादा : हे मला माहीत नव्हतं.

मी : आणखी एक. तू म्हणशील, सेव्ह केलेलं नाही, बंद करून पुन्हा चालू करू, मेलेला जिवंत होईल. होईलही. पण सुरुवातीला जी टोरिएल आपल्याला लेकरासारखं सांभाळते, तिला मारून कुणी पश्चात्तापानं मागे गेला आणि दुसऱ्या खेपेला तिला सोडलं, तर पुढे फ्लाउई नावाचं फूल त्याला तोंडावर ऐकवतं की तू आधी काय केलं होतंस ते मला माहीत आहे. इतर खेळांत मागे गेलं की मागचं पुसलं जातं. इथे सगळं पुसलं जात नाही.

दादानं पडद्याकडे पाहिलं. एकटा उरलेला रक्षक तिथेच उभा होता. आमची पाळी होती आणि खेळ आमची वाट पाहत थांबला होता.

दादा : मग अंडाइनचं काय? ती तर खरी लढवय्यी. सगळ्या राजरक्षकांची प्रमुख. तुझ्या त्या दोघांना तिनंच नेमलंय.

मी : अंडाइनमुळेच तर मी हा खेळ सोडू शकत नाही.

अंडाइन धबधब्यांच्या प्रदेशात आपला पिछा पुरवते. अंधारात आधी नुसतं चिलखत दिसतं, मग जमिनीतून उठणारे भाले. चेहरा खूप उशिरा दिसतो. लढाई सुरू झाली की ती आपलं लाल हृदय हिरवं करून टाकते. हिरव्या हृदयाला जागचं हलता येत नाही, फक्त ढाल फिरवत चारी बाजूंचे भाले अडवता येतात. पळू नकोस, तोंड दे, असंच ती बजावते.

दादा : बघ, ती स्वतःच लढाई मागते आहे. तिला लढाई देणं हाच तिचा मान नाही का?

मी : मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण तिला न मारता पुढे जायचं तर एकच वाट आहे. मधेच हृदय लाल होतं, तेव्हा पळायचं. तिनं गाठलं की पुन्हा भाले अडवायचे, पुन्हा संधी मिळाली की पळायचं. आपल्याकडे पाठ दाखवणं म्हणजे नामुष्की. लहानपणापासून आपण तेच ऐकलेलं असतं. इथे मात्र पाठ दाखवल्यानंच दोघं वाचतात. पळत पळत आपण हॉटलँडमध्ये शिरतो. ती चिलखतासकट मागे येते, आणि तापलेल्या जमिनीवर कोसळते. जवळच पाण्याचं यंत्र आहे. पेला भरायचा, मागे यायचं आणि तिच्यावर ओतायचा. बस. ती उठते, आपल्याकडे बघते आणि न बोलता निघून जाते.

दादा : आणि पेला न भरता पुढे गेलो तर?

मी : जाता येतं. खेळ अडवत नाही. म्हणून तर तो पेला मोलाचा आहे.

दादा : पण मी ऐकलंय की दुसऱ्या वाटेनं गेलं तर तिचं वेगळंच रूप दिसतं, आणि ती लढाई या खेळातल्या सगळ्यात मोठ्या लढायांपैकी आहे.

मी : हो. ती वाट म्हणजे भेटेल त्याला शोधून शोधून मारायचं. तिथे एका लहान मुलावर आपला घाव पडणार असतो, तेवढ्यात अंडाइन मधे येते आणि तो स्वतः झेलते. तिचं शरीर विरघळू लागतं, पण ती विरघळायला नकार देते. नवं चिलखत चढवून उभी राहते, आणि राक्षसांसाठीच नाही तर माणसांसाठीही लढते, कारण समोरचा सगळ्यांनाच संपवणार हे तिला दिसलेलं असतं. दादा, त्या प्रसंगात निष्ठावान, शूर, दुर्बळांसाठी उभी राहणारी नाइट ती आहे. मग तिच्यासमोर उभा असलेला तू कोण?

दादा बराच वेळ काही बोलला नाही. बाहेर कुणीतरी उशिराचे फटाके लावत होतं. मग तो हळूच म्हणाला, "शत्रू मी."

मी : नाइट शत्रू म्हणून आला की आपण त्याचं चिलखत बघतो आणि शत्रू कोण ते ठरवून टाकतो. हा खेळ ते ठरवणं आपल्याकडून काढून घेतो. तू लढायला नको असं मी म्हणत नाही. आत कोण आहे ते बघायच्या आधी लढू नकोस, एवढंच.

दादा : मला अजूनही वाटतं की काही योद्ध्यांना लढाईच द्यावी लागते. अंडाइनपासून मी पळालो नसतो.

मी : तिथे आपण वेगळे आहोत, आणि राहू.

दादा : आता मला तो नाइट दाखव. नावातच दोनदा नाइट असलेला.

तो पुढे, 'कोअर'मध्ये भेटतो. अवाढव्य चिलखती शत्रू, हातात काटेरी गदा. त्याचं नाव नाइट नाइट. इंग्रजीत सरदाराचं नाइट आणि रात्रीचं नाइट वेगवेगळ्या अक्षरांत लिहितात, त्यामुळे तिकडच्या वाचकाच्या डोळ्यांना हे आधी दिसत नाही, कानालाच कळतं. आपल्या देवनागरीत मात्र दोन्ही शब्द अक्षराअक्षरानं सारखे. नाव लिहितानाच कोडं सुटतं. लहान मुलांना झोपवताना इंग्रजी घरांत हेच दोन शब्द म्हणतात. तेव्हा या गदाधारी शत्रूसमोर काय करायचं? गायचं. गात राहिलं की त्याचे डोळे मिटायला लागतात आणि तो झोपी जातो. रात्रभर पहारा करून थकलेल्या माणसाला कुणीतरी अंगाई म्हणावी, तसं. मी दादाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला, आणि म्हणाला की आत्या, म्हणजे त्याची आई, तापात त्याला थोपटायची तेव्हा असंच गुणगुणायची.

रात्रीचा एक वाजून गेला होता. दादानं खेळ बंद करून पुन्हा चालू केला. दोघं रक्षक पुन्हा एका तालात हत्यारं हलवत उभे होते. मी त्याला क्रम सांगितलेलाच होता, त्यामुळे त्याच्याच कसोटीवर ही दया नव्हती. ते त्यानं बोलूनही दाखवलं. "ही माझी दया नाही, तुझी आहे. मी फक्त बघतोय." तरी त्यानं घाई केली नाही. 'ॲक्ट' दाबलं, चिलखत पुसलं, मार खाल्ला, पुन्हा पुसलं. त्या धुळीबद्दलचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. शून्य-एक अडखळत बोलू लागला तेव्हा एरवी वाक्यं भराभर पुढे ढकलणारं दादाचं बोट कीबोर्डवर नुसतंच टेकलेलं होतं. शून्य-दोननं आइस्क्रीमचं विचारलं, दोघांची नावं पिवळी झाली, आणि दादानं चौथं बटण दाबलं.

खाली मिळालेल्या गुणांचा आकडा आला : शून्य. दादा त्या शून्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मघाशी त्याला मारल्याचे काही गुण मिळणार होते ना? किती मिळाले असते ते आता बघावंसंही वाटत नाहीये."